नाव नसलेला ट्रम्पेट

मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर भागात जामसांवली नावाचे गाव आहे. पहुडलेल्या हनुमंताच्या मंदिरामुळे ते आज दूरवर ओळखले जाते. आजूबाजूला संत्र्यांच्या बागा, कापसाची काळी जमीन, आणि घराघरांतून बोलली जाते ती मराठी. लग्नसराईचे दिवस आले की ह्या भागात बँडपथके निघतात. लाल कोट घातलेला, गालांचे फुगे करून ट्रम्पेट फुंकणारा एक वादक सर्वांच्या पुढे असतो. स्वरलिपी त्याला येत नाही, आणि तिच्यावाचून त्याचे काही अडतही नाही. कानावर पडलेली चित्रपटगीताची चाल तो ओठांनी आणि तीन कळांनी हुबेहूब उठवितो. ती चाल प्रथम त्या वाद्यातून कोणी काढली, असा प्रश्न मात्र वरातीत नाचणाऱ्यांपैकी कोणी विचारीत नाही, आणि विचारला तरी त्याचे उत्तर सौंसरच्या बाजारात मिळावयाचे नाही. ते उत्तर गोव्यात आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत खेड्यापाड्यांत वीज पोहोचली नव्हती. गावातील एखाद्या सधन घरी कोरड्या बॅटरीवर चालणारा रेडिओ असे आणि संध्याकाळी ओसरीवर माणसे जमत. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झालेले होते. परंतु १९५२ साली नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर ह्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. केसकर शास्त्रीय संगीताचे निस्सीम अभिमानी. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. परिणाम असा झाला की श्रोत्यांनी अभिरुची सुधारण्याऐवजी काटा फिरविला आणि सिलोन लावले. त्याच सुमारास सिलोन नभोवाणीवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री ती ऐकण्यासाठी देशभर माणसे कान टवकारून बसू लागली. विविध भारती येईपर्यंत, म्हणजे १९५७ च्या ऑक्टोबरपर्यंत, सरकारी नभोवाणीला ह्या गर्दीचे उत्तर सापडले नाही.

ह्या गाण्यांबरोबर तबकडीवरील तीन नावे ऐकू येत: गायकाचे, संगीतकाराचे आणि चित्रपटाचे. कधी कवीचेही. परंतु कडव्याच्या आधी आकाशात चमकून जावी तशी जी ट्रम्पेटची तान येई, किंवा दोन ओळींच्या मधली जागा जो व्हायोलिनांचा समूह भरून काढी, त्याला नाव नव्हते. ते वाजविणारे पुष्कळसे गोव्याचे होते.

एक उदाहरण पुरे आहे. १९५१ साली मास्टर भगवान ह्यांचा ‘अलबेला’ चित्रपट आला. भगवान पालव मराठी, संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, तेही मराठी. ह्या चित्रपटातील गाण्यांना जो उसळता पाश्चात्त्य ठेका आहे, त्यात हळदोण्याच्या आन्तोनियो झेवियर वाझ ह्यांचा मोठा वाटा होता. मुंबईच्या हॉटेलांत त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणत. ‘अलबेला’त त्यांचा वाद्यवृंद पडद्यावर दिसतोसुद्धा, पण पाहणाऱ्यांचे डोळे भगवान आणि गीता बाली ह्यांच्यावरून हलले असतील तर शपथ! शंकर-जयकिशन ह्यांच्या गाण्यांतील वाद्यमेळ सेबास्तियन डिसोझा लिहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी प्यारेलाल ह्यांना व्हायोलिन शिकविले. पुढे १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने गुरूचे नाव एका गाण्यात घातले, आणि ते सबंध देशाच्या तोंडी झाले. परंतु ते एका खऱ्या माणसाचे नाव आहे हे किती जणांस ठाऊक होते? १९५८ साली ह्याच गोन्साल्विसांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेला मोठा वाद्यवृंद उभा केला होता. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. तो प्रयोग आज संगीताच्या अभ्यासकांखेरीज कोणाच्या स्मरणात नाही.

गोव्याच्या ह्या माणसांच्या हाती एवढी विद्या कोठून आली, हे जाणून घेण्यासारखे आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडून शाळा असे. तेथे मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरओळखही देत. शिकविणाऱ्याला मेस्त म्हणत. मेस्तची पद्धत कडक होती. आरंभी वाद्य हाती मिळत नसे. पाच रेघांवरील टिंबे पाहून स्वरांची नावे म्हणावयाची, हाताने ताल मोजावयाचा, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. अशी घोकंपट्टी पुरी झाली म्हणजे मुलाच्या खांद्यावर व्हायोलिन टेकविले जाई. रविवारच्या मिसेला, घरोघरच्या लदाइनीला आणि गावच्या फेस्ताला ही मुले वाजवीत. फेस्ताच्या पहाटे पितळी वाद्यांचा ताफा गावातून फिरे. अशा रीतीने शेतमजुराचा मुलगाही कागदावर लिहिलेले संगीत वर्तमानपत्र वाचावे तसे वाचू शके. भारताच्या इतर भागांत गुरूच्या मुखातून विद्या शिष्याच्या कानात जात असे. गोव्यात ती कागदावरून डोळ्यांत जात होती. दोन्ही पद्धतींचे गुणदोष आहेत. परंतु पन्नास वादकांनी एकाच वेळी, एकही तालीम न करता, तीन मिनिटांचे गाणे बिनचूक वाजवावयाचे असेल, तेव्हा दुसरी पद्धत उपयोगी पडते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला नेमके हेच हवे होते.

गोव्यात विद्या होती, पण पोट भरण्याचे साधन नव्हते. म्हणून माणसे मुंबईस येत. धोबीतलाव, माझगाव ह्या भागांत गावोगावच्या ‘कुडी’ होत्या. कूड म्हणजे एकेका गावाने चालविलेले वसतिगृह. भिंतीशी ट्रंका लावलेल्या, कोपऱ्यात आल्तार, संध्याकाळी सामुदायिक रोझरी. खलाशी, आचारी आणि वादक एकाच छपराखाली निजत. दिवसा ध्वनिमुद्रण, रात्री हॉटेल, असा वादकाचा क्रम असे. संगीतकाराने चाल गुणगुणावयाची आणि त्याच्या गोवेकर साहाय्यकाने ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा वेगळा भाग लिहून द्यावयाचा. दाम दिवसाच्या कामाचे, आणि काम संपले की हिशेब संपला.

ख्रिस पेरी हे ह्याच प्रवाहातले. १९२८ साली मडगावच्या बोर्डा भागात त्यांचा जन्म झाला. घरचे आडनाव पेरेरा. भाऊही वादक होते. ख्रिस ट्रम्पेट वाजवीत, सॅक्सोफोन वाजवीत, चाली रचीत, शब्दही स्वतःच लिहीत. त्यांनी मुंबईत आपला वाद्यवृंद उभारला आणि चर्चगेटजवळील ॲस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’ ह्या उपाहारगृहासारख्या ठिकाणी तो गाजला. दारूबंदीच्या कायद्याने मुंबईची रात्रीची हॉटेले पन्नासच्या दशकात बरीचशी थंडावली होती. १९६३ नंतर तो कायदा सैल होत गेला तशी त्यांत पुन्हा वर्दळ सुरू झाली. तेथे काय वाजे? फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुंबा, चा-चा-चा, आणि मागाहून ट्विस्ट. गाणी इंग्रजी, कधी पोर्तुगीज वा इटालियन. ऐकणारे जेवीत असत, आणि जेवता जेवता ऐकत असत; कोणी नाचावयास उठे. वादकाने काळा कोट घालून, बो बांधून, अमेरिकेच्या तबकडीत आहे तसे वाजवावे, एवढीच अपेक्षा होती. जितकी नक्कल हुबेहूब तितका वाद्यवृंद चांगला! चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात गोव्याच्या वादकाला नाव नव्हते, आणि हॉटेलात नाव असले तरी आवाज त्याचा स्वतःचा नव्हता.

ह्या वाद्यवृंदात लॉर्ना कॉर्देरो आल्या. १९४६ साली मुंबईत जन्मलेली, किशोरवयातच रेमंड आल्बुकर्क ह्यांच्या वाद्यवृंदात गाऊ लागलेली ही मुलगी ख्रिस पेरींनी हेरली आणि घडविली. त्यांचा आवाज गोड नाही. गोड ह्या शब्दाने मराठी श्रोत्याला जो पातळ, उंच, नाजूक स्वर अभिप्रेत असतो, तसा तर तो मुळीच नाही. तो भरदार आहे, थोडा खरखरीत आहे, आणि शब्द दातांनी तोडल्यासारखा टाकण्याची त्याला खोड आहे. पितळी वाद्यांच्या गर्जनेपुढे जो टिकावयाचा असतो त्याला असाच घडावे लागते.

त्याच काळात मुंबईत आणखी एक वारे शिरले होते. इंग्लंडातल्या बीटल्स ह्या चार तरुणांची कीर्ती १९६४ पर्यंत जगभर पसरली आणि प्रत्येक शहरात तीन गिटार आणि एक ढोलसंच घेऊन चार मुले उभी राहू लागली. मुंबईत ‘जेट्स’, ‘सॅव्हेजिस’ अशी पथके निघाली. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी विद्युत-गिटार मिळणे दुर्घट. ध्वनिवर्धक तर पुष्कळांनी ओळखीच्या रेडिओदुरुस्तीवाल्याकडून जुळवून घेतले. महाविद्यालयांच्या सभागृहांत त्यांच्या स्पर्धा होत आणि मुले-मुली वेड्यासारख्या टाळ्या पिटीत. १९७० व १९७१ साली एका सिगारेट कंपनीने ‘सिमला बीट’ नावाची देशव्यापी स्पर्धा भरविली आणि तिच्या तबकड्याही निघाल्या. आज परदेशातील संग्राहक त्या तबकड्या मोठ्या किमतीला घेतात. ह्या मुलांत उत्साह होता, हातही बरा होता. परंतु त्या तबकड्या लावून ऐकाव्यात. गाणी इंग्रजी, उच्चार आणलेले, दुःख वाचलेले. मुंबईचा पाऊस, मुंबईची चाळ, गिरणीचा भोंगा, ह्यांतले काही त्यांत सापडत नाही. सुशिक्षित मध्यमवर्गातली ही मुले पुढे नोकऱ्यांना लागली, परदेशी गेली आणि पथके मोडली. हॉटेलवाल्यांना मात्र एक गोष्ट कळली: बारा वादकांच्या जागी चार वादक पुरतात! मोठ्या वाद्यवृंदांचा काळ भरत आला तो असा, पगाराच्या हिशेबाने.

नेमक्या ह्याच वेळी ख्रिस पेरींनी जे केले त्यामुळे त्यांची कथा इतरांच्या कथेहून निराळी होते. त्यांनी तो हॉटेलातला वाद्यवृंद तसाच्या तसा उचलला आणि कोंकणीच्या मागे उभा केला.

कोंकणी गाणे त्याआधी नव्हते असे नाही. १८९२ साली मुंबईतच ‘तियात्र’ ह्या नाट्यप्रकाराचा जन्म झाला आणि तियात्राच्या दोन प्रवेशांमध्ये ‘कांतारां’ म्हणण्याची प्रथा तेव्हापासूनची. मांडो होता, देखणी होती. आल्फ्रेड रोझ ह्यांच्यासारखे गायक तबकड्यांवर येत होते. फ्रँक फर्नांड ह्यांनी ‘आमचें नशीब’ हा चित्रपट १९६३ साली आणि ‘निर्मोण’ १९६६ साली काढला होता, आणि ‘निर्मोण’ची कथा राजश्री संस्थेने ‘तकदीर’ नावाने हिंदीत नेली. म्हणजे भूमी नांगरलेली होती. परंतु धोबीतलावच्या कुडीत कोंकणी आणि चर्चगेटच्या हॉटेलात इंग्रजी, अशी जी वाटणी वादकाने आपल्याच आयुष्यात करून ठेवली होती, ती कोणी मोडली नव्हती. चांगला कोट बाहेर घालावयाचा आणि आईशी बोलताना काढून ठेवावयाचा, तशातला तो प्रकार होता.

१९७१ साली एच.एम.व्ही.ने ‘बेबदो’ ही तबकडी काढली. बेबदो म्हणजे दारुडा. विषय गावातल्या कोणाही बाईच्या ओळखीचा. शब्द घरात, विहिरीवर बोलले जाणारे. पण मागे वाजते ती न्यू ऑर्लिन्सच्या वळणाची पितळी वाद्ये. गाणाऱ्या बाईच्या स्वरात रडगाणे नाही, तर उपहास आहे. ती दारुड्याचे चित्र काढते आणि ट्रम्पेट मधूनमधून त्या दारुड्यासारखाच झोकांड्या खातो. हा विनोद केवळ शब्दांतला नव्हे, वाद्यातला आहे. तो जमण्यास वादकाला ती भाषा पोटातून कळावी लागते. ‘पिसो’, ‘नशिबाक रडटा’, ‘लिस्बोआ’ अशी गाणी त्या सुमाराच्या काही वर्षांत निघत गेली. त्यांतली सगळीच उत्तम आहेत असे म्हणवणार नाही. काही ठिकाणी शब्द उथळ आहेत, काही ठिकाणी परदेशी चालीचा सांधा उघडा दिसतो. परंतु उत्तम आहेत ती अशी की त्यांच्यातील स्वरमेळाची रचना जाझ जाणणाऱ्याने वाखाणावी आणि शब्द मासे विकणाऱ्या बाईने गुणगुणावेत. एकाच गाण्यात हे दोन्ही साधणे दुर्मिळ असते. गोव्यात ती फेस्तांत वाजली, लग्नांत वाजली, बोटीवरल्या खलाशांबरोबर आखातात आणि आफ्रिकेत गेली. १९७७ साली ‘भुंयारांतलो मनीस’ हा पहिला रंगीत कोंकणी चित्रपट आला, त्याचेही संगीत ख्रिस पेरींचेच.

मराठी वाचकाने येथे किंचित थांबावे, कारण ह्या गाण्यांच्या काळाशी त्याचा स्वतःचा संबंध आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि लगेच त्याच्या भाषेचा वाद पेटला. कोंकणी ही मराठीची बोली आहे, तेव्हा गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे, असे महाराष्ट्रातील बहुतेक वृत्तपत्रे हिरिरीने लिहीत होती. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात सार्वमत झाले. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०; अंतर ३४,०२१ मतांचे. त्या प्रचारात उल्हास बुयांव ह्यांच्यासारख्या गायकांनी गावोगाव कोंकणी गाणी म्हटली होती. पुढे १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली.

मराठीच्या अभिमान्यांनी त्या काळी बोली आणि भाषा ह्यांवर पुष्कळ व्युत्पत्तिशास्त्र खर्च केले. शब्दांची मुळे काढली, विभक्तिप्रत्यय जुळविले. त्यांतले काही बरोबरही असेल. परंतु ज्या बोलीत माणूस स्वतःचे हसे करून घेऊ शकतो, तिला दुसऱ्याने बोली म्हटले काय आणि भाषा म्हटले काय, तिच्या धन्याला फरक पडत नाही, ही गोष्ट त्या लेखांत आली नाही. ‘बेबदो’ची तबकडी मान्यतेच्या चार वर्षे आधीची आहे. आणखी एक विलक्षण भाग असा की ह्या गाण्यांचे शब्द लिहिले जात ते रोमी लिपीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने मान्य केली ती देवनागरी कोंकणी. कोंकणीला घरोघर नेणारी गाणी कायद्याच्या व्याख्येबाहेरच राहिली!

आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला तर ही कथा अधिकच जवळची वाटावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. जामसांवलीच्या शेतकऱ्याने काहीच हलविले नाही. राजधानी मात्र भोपाळला गेली. त्याला कोणी मत विचारले नव्हते. मुले शाळेत हिंदी शिकतात, कचेरीतला अर्ज हिंदीत होतो, आणि घरी आई मराठीत रागावते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव ह्यांची गोटमार होते, तिची वर्तमानपत्री वर्णने हिंदीत छापून येतात. आरोळ्या मराठीत असतात. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. ह्या भागातल्या माणसाची मराठी पुस्तकी नाही. तिच्यात हिंदीची सरमिसळ आहे, वऱ्हाडीचा हेल आहे, आणि पुण्याच्या व्यासपीठावर ती बोलावयास तो लाजतो. मडगावच्या ट्रम्पेटवाल्याची कोंकणीही शुद्ध नव्हती. तिच्यात पोर्तुगीज होती, इंग्रजी होती, मुंबईची हिंदी होती. ती शुद्ध होईपर्यंत तो थांबला नाही.

मराठीत असे काही झाले काय? साठच्या दशकात नाही. मराठीपाशी भावगीत होते, नाट्यगीत होते, लावणी होती. घर भरलेले होते, म्हणून पाहुण्याला जागा झाली नाही असे कोणी म्हणेल. १९७८ साली पु. ल. देशपांडे ह्यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ थिएटर अकॅडमीने रंगभूमीवर आणले, आणि त्यात नंदू भेंडे ह्यांनी पाश्चात्त्य पॉप संगीताच्या ढंगात मराठी गाणी म्हटली. नंदू हे आत्माराम भेंडे ह्यांचे चिरंजीव. मुंबईच्या इंग्रजी गाणाऱ्या पथकांतून तयार झालेले. विद्युत-गिटारच्या साथीने मराठी शब्द म्हणता येतो, तो ओशाळत नाही, हे तेथे शेकडो प्रेक्षकांनी पाहिले. परंतु तो एका नाटकातला प्रकाश होता. २०१४ साली नंदू भेंडे निवर्तले. गोव्यात धागा पुढे गेला: शिवोलीचे रेमो फर्नांडिस शाळेतल्या वाद्यवृंदापासून सुरुवात करून १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ हा स्वतःच्या गाण्यांचा संग्रह घेऊन पुढे आले, आणि त्यांच्या पाठीशी ख्रिस पेरींचा जमाना उभा होता.

त्या वाद्यवृंदाचा शेवट थोडक्यात सांगण्याजोगा आहे. सत्तरच्या दशकात हॉटेलांत तबकड्या आणि ध्वनिफिती वाजू लागल्या, आणि त्या जेवण मागत नाहीत. वाद्यवृंद पांगला. ख्रिस पेरींनी दुबईची वाट धरली आणि तेथे संगीतशाळा चालविली. कोळंबीच्या बोटीवर नव्हे, तर वह्या आणि ट्रम्पेट घेऊन गेलेला हा गोवेकर वेगळाच. लॉर्ना रंगमंचावरून दूर झाल्या. वर्षे गेली. गोव्यात त्यांची गाणी घराघरांत वाजत होती आणि गाणारी कोठे आहे हे तरुणांना ठाऊक नव्हते. १९९५ साली ‘आयकात म्होजो तावो’ ही त्यांची नवी ध्वनिफीत निघाली. ह्या नावाचा अर्थ, ‘ऐका माझा आवाज’. वीसेक वर्षांनी त्या लोकांपुढे उभ्या राहिल्या. आवाज खाली उतरला होता, अधिक खरखरीत झाला होता, आणि लोकांना तो तसाच हवा होता. २००२ च्या जानेवारीत ख्रिस पेरी गेले.

गोव्याच्या चालींचे भटकणे मात्र कधी थांबले नाही. गोव्याच्या एका जुन्या देखणीचे पालुपद राज कपूर ह्यांनी १९७३ साली ‘बॉबी’त घेतले. चित्रपट देशभर धावला आणि त्यातले ते कोंकणी शब्द अर्थ न कळता भारताच्या कोपऱ्याकोपऱ्यांत वरातींत वाजले. सौंसरच्या बाजूच्या बँडवाल्यांनीही ते वाजविले असणार. ‘बॉबी’ न वाजविता तेव्हा कोणाचे लग्न लागत होते? पितळी वाद्याला ते शब्द म्हणावयाचे नव्हते, केवळ चाल फुंकावयाची होती. कोंकणीतली चाल, मुंबईच्या गोवेकर वादकांकडून हिंदी चित्रपटात, तेथून रेडिओवर, आणि रेडिओवरून मराठी बोलणाऱ्या वादकाच्या ओठांवर.

२०१४ साली बार्द्रॉय बार्रेतो ह्यांनी ‘नाचूंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट पुरा केला. ख्रिस पेरींची वीसेक गाणी त्यात नव्याने ध्वनिमुद्रित केलेली आहेत, आणि मुंबईचे ते हॉटेल, तो काळा कोट, त्या वादकांचे ते विनामूल्य टाळ्यांचे आणि मोजक्या पैशांचे जीवन पडद्यावर आले. विजय मौर्य नायक, पालोमी घोष नायिका. राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला. चित्रपटात नायकाचे नाव लॉरी आहे आणि नायिकेचे डोना. गोव्यात तिकिटाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ती नावे कोणाची, हे कोणी सांगावे लागले नाही.